गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय सुजलाय? मसाज कधी करायचा, कसा करायचा आणि कधी हातच लावायचा नाही

आईचं उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं तेव्हा ती ६७ वर्षांची होती. पाचव्या दिवशी घरी आणलं आणि त्याच रात्री तिने गाऊन जरा वर घेऊन पाय दाखवला तर मांडीपासून बोटांपर्यंत पाय टम्म सुजलेला, पोटरी निळी-जांभळी, घोट्याचं हाड कुठे गेलं तेच दिसेना. मी घाबरले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, तिळाचं तेल कोमट कर आणि चांगलं रगडून दे, दोन दिवसात उतरेल. आईलाही तेच हवं होतं. डिस्चार्जच्या कागदावर फक्त एक ओळ होती, "मसाज करू नये". का करू नये, कधीपर्यंत करू नये, कुठलाच करू नये का, काही लिहिलेलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

पुढचे तीन महिने घरी येणाऱ्या फिजिओताईंकडून मी हे हळूहळू शिकले, सर्जनना प्रत्येक व्हिजिटला प्रश्न विचारले, स्वतः वाचलं. मी डॉक्टर नाही. पण आपल्याकडे या बाबतीत लोक दोनच टोकांना दिसतात, एक तर तेल घेऊन रगडतात नाहीतर भीतीने महिनोन्महिने पायाला हात लावत नाहीत, म्हणून जे शिकले ते सगळं क्रमाने लिहितेय. घाईत असाल तर बाकी काही नाही तरी गुठळीचा भाग नक्की वाचा.

सूज येते कशामुळे

या ऑपरेशनमध्ये हाड कापलेलं असतं, आतलं मांस बाजूला सारलेलं असतं, त्यामुळे शरीर तिथे पाणी आणि रक्त पाठवणारच, जखम भरायची ती पद्धतच आहे. आत थोडं रक्त झिरपतं आणि ते वजनाने खाली उतरतं, म्हणून ऑपरेशन गुडघ्याचं आणि निळे डाग घोट्यापाशी असं दिसतं, त्याला घाबरू नका. त्यात पेशंट चालत कमी असतो. पोटरीचे स्नायू चालताना शिरांमधलं रक्त पिळून वर ढकलत असतात, तेच बंद पडलं की पाणी खालीच साठतं. साधारण पहिल्या आठवड्यात सूज सगळ्यात जास्त असते, मग काही आठवड्यांत उतरत जाते, पण थोडी सूज ३ ते ६ महिने राहणं अगदी नॉर्मल आहे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, हेही नॉर्मल. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिले पंधरा दिवस मी रोज रात्री रडले नसते.

आता मसाजशी संबंध असलेली गोष्ट. शिरांशिवाय शरीरात अजून एक पाइपलाइन असते, लसिकावाहिन्यांची, म्हणजे लिंफची. पेशींच्या मधे साठलेलं जास्तीचं पाणी ती उचलून नेते. तिच्या सगळ्यात बारीक नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि सूक्ष्म धाग्यांनी आजूबाजूला बांधलेल्या असतात. कातडी हळूच ताणली की ते धागे ओढले जातात, नळीचं तोंड उघडतं आणि पाणी आत शिरतं. जोरात दाबलं तर त्याच नळ्या चपटतात आणि काहीच आत जात नाही! म्हणजे आपल्या डोक्यात मालीश म्हटल्यावर जे येतं, दाबणं, रगडणं, चोळणं, त्याच्या बरोब्बर उलटं इथे करायचंय. कातडी सरकवायची, मांस दाबायचं नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. पायातलं हे पाणी आधी जांघेतल्या लिंफच्या गाठींत जातं, तिथून पोटात, मग छातीतल्या मोठ्या नळीतून वर चढून डाव्या कॉलरबोनच्या मागे रक्तात मिसळतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढचे लोक सरकल्याशिवाय मागच्यांना कितीही ढकललं तरी ते सरकत नाहीत ना, तसंच आहे हे. म्हणून सुरुवात सुजलेल्या घोट्यापासून कधीच करायची नाही, आधी वरची वाट मोकळी करायची.

या पद्धतीला मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणतात, फिजिओ लोक एमएलडी म्हणतात. डेन्मार्कचे एमिल वोडर आणि त्यांची पत्नी एस्ट्रिड यांनी १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना ही बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर मांडली. गुडघा रिप्लेसमेंटनंतर तिचा उपयोग किती होतो यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या एका अभ्यासात पायाच्या मापात मोठा फरक दिसला नाही पण गुडघा वाकायला फायदा दिसला. माझा स्वतःचा अनुभवही साधारण तसाच, टेप लावून मोजलं तर फरक थोडाच यायचा पण आईचा पाय हलका व्हायचा, ताण जायचा आणि त्यानंतरचा व्यायाम ती न कुरकुरता करायची. मला तेवढं पुरेसं होतं. पण मसाजने सगळी सूज जाते असं कोणी सांगत पैसे मागत असेल तर विश्वास ठेवू नका. पाय उंच ठेवणं, घोटा हलवणं, बर्फ आणि चालणं ही चार कामं मोठी, मसाज त्यांच्यानंतर.

आधी गुठळी नाही ना, ते बघा

गुडघा किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पोटातली इंजेक्शनं काही आठवडे देतात. अशी गुठळी असताना पोटरी रगडली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. ही ऐकीव भीती नाही. काही वर्षांपूर्वी दिल्लीत घोट्याच्या दुखापतीनंतर प्लास्टर काढलेल्या एका २३ वर्षांच्या मुलाच्या पायाला त्याच्या आईने मायेने मालीश केलं आणि गुठळी फुफ्फुसात जाऊन तो गेला, एम्सच्या डॉक्टरांनी ती केस नोंदवून ठेवलीय. त्या आईचा विचार आला की अजूनही पोटात कालवतं, कारण त्या रात्री तेलाची वाटी माझ्याही हातात होती.

मग ओळखायचं कसं? पोटरी किंवा मांडीत एका जागी नवीन दुखतंय, सूज उतरत असताना अचानक वाढली, पोटरी गरम लागतेय, लाल किंवा वेगळ्याच रंगाची आणि कडक झालीय, यातलं काहीही दिसलं तर पायाला हात न लावता सर्जनना फोन. ते कलर डॉपलर करायला सांगतील, साधी सोनोग्राफीसारखी टेस्ट आहे, सुई नाही की काही नाही. कधी कधी गुठळी असूनही लक्षणं फार दिसत नाहीत, त्यामुळे "दुखत नाही म्हणजे नसेल" असं आपणच ठरवायचं नाही. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडल्यासारखं झालं तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

आईच्या बाबतीत नवव्या दिवशी पोटरीचं माप एका रात्रीत वाढलं होतं. सर्जननी त्याच दिवशी डॉपलर करून घेतलं, क्लिअर आलं, आणि मग ते म्हणाले टाके निघाले की हलका मसाज सुरू करा, फिजिओकडून शिकून घ्या. हे वाक्य तुमच्याही सर्जनच्या तोंडून ऐकल्याशिवाय सुरू करू नका. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

गुठळीशिवाय अजून कोणाला मसाज नको ते पण सांगते. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, भोवती लाली पसरत चाललीय, ताप १००.४ च्या वर आहे, म्हणजे इन्फेक्शनची शंका आहे, तेव्हा नाही. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा त्रास असेल तर नाही, कारण पायातलं पाणी आपण रक्तात ढकलतोय आणि ते झेपायची ताकद हृदय-किडनीत हवी. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, *दोन्ही* पाय सारखे सुजले असतील तर कारण ऑपरेशन नसून दुसरं काही असू शकतं. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही खूप कॉमन गोळी आहे, तिनेही घोटे सुजतात. काही पेनकिलरनेही अंगात पाणी धरतं. अशा वेळी मसाज करत बसण्यापेक्षा गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा, फक्त स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

वही आणि टेप

शिवणकामाची टेप घ्या आणि एक वही. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून १० सेंटिमीटर खाली पोटरीवर पेनाने छोटी खूण करा, वाटीच्या वर १० सेंटिमीटरला मांडीवर एक, आणि घोट्याच्या हाडाच्या लगेच वर एक. रोज सकाळी उठायच्या आधी, पाय सरळ ठेवून, टेप न आवळता तिन्ही ठिकाणची मापं घ्या आणि दुसऱ्या पायाचीही घ्या. दोन पायांत फरक दिसणारच, पण तो दिवसागणिक कमी होतोय की वाढतोय हे महत्त्वाचं. पोटरीत उतरता फरक अचानक दीड-दोन सेंटिमीटरने वाढला तर मी फोन करायचे, आणि दुसऱ्या पायापेक्षा पोटरी ३ सेंटिमीटर किंवा जास्त जाड असणं ही गोष्ट डॉक्टरही गुठळीचा अंदाज घेताना बघतात.

अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद हळू दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडून राहिला तर ते पाण्याचं आहे, आणि अशी मऊ सूज मसाजला चांगली दाद देते. गुडघ्याभोवतीची घट्ट, गरम सूज मात्र आतल्या जखमेची असते, तिला बर्फ आणि वेळ लागतो, हाताने तिथे काही होत नाही.

तयारी

आईला आम्ही दुपारी जेवणानंतर दीड-दोन तासांनी घ्यायचो, पेनकिलर घेऊन अर्धा तास झालेला असायचा. पलंगावर पाठीवर झोपवायचं, डोक्याखाली एक उशी, पाय दोन-तीन उशांवर असा की टाच छातीच्या पातळीपेक्षा वर येईल. उशा टाच आणि पोटरीच्या खाली लावा. गुडघ्याच्या खाली एकटी उशी घालून गुडघा वाकलेला ठेवू नका. पेशंटला तसंच बरं वाटतं, आई रोज हट्ट करायची, पण तासन्‌तास तसं ठेवलं तर गुडघा पूर्ण सरळ व्हायचा बंद होतो आणि मग ते सरळ करताना जो त्रास होतो तो बघवत नाही.

पायात सूजेसाठीचं घट्ट स्टॉकिंग असेल तर ते काढा. तुमच्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापा, साबणाने हात धुवा, हात गार असतील तर चोळून कोमट करा. तेल लावायचं नाही. तेलाने हात कातडीवरून घसरतो, कातडी ताणली जात नाही, आणि ते जखमेजवळ ओघळलं तर अजून वाईट. उन्हाळ्यात घामाने हात चिकटत असेल तर चिमूटभर पावडर, पण टाक्यांपासून लांब.

जोर किती? दुधावरची साय न फाटता बोटाने कडेला सारताना जितका लागतो तितका. फिजिओताईंनी पहिल्या दिवशी माझा हात स्वतःच्या हातावर ठेवून करून घेतलं आणि चार वेळा म्हणाल्या, "अजून हलकं, अजून हलकं." मला वाटत होतं मी काहीच करत नाहीये. आई तर म्हणाली, "अगं, जरा जोर लाव की, नुसती काय फुंकर घालतेस." तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "काकू, दुखलं तर समजायचं चुकलं." हे माप लक्षात ठेवा: दुखायला नको, कातडी लाल व्हायला नको, बोटांचे ठसे उमटायला नकोत.

आणि वेग संथ. एक हालचाल म्हणजे मनात एक-दोन-तीन म्हणत कातडी सरकवायची आणि मग पूर्ण सोडायची, ती आपोआप जागेवर येते. सोडणं विसरू नका, त्याच वेळात नळी भरते.

आता प्रत्यक्ष मसाज

पहिलं, श्वास. पेशंटने एक हात पोटावर ठेवून नाकाने खोल श्वास घ्यायचा, पोट वर आलं पाहिजे, आणि तोंडाने सावकाश सोडायचा. पाच वेळा, घाई नाही. छातीतली मोठी नळी श्वासाच्या दाबानेच रिकामी होते, त्यामुळे हे उगाच नाही, आणि पेशंटही शांत होतो. काही फिजिओ याआधी कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोटांच्या पेरांनी हलकं सरकवायला सांगतात, पण थायरॉइडचा किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर मानेला हात लावू नका. आईला थायरॉइड आहे, आम्ही फक्त श्वासावर भागवलं. पोटावरही दाबायचं नाही.

दुसरं, जांघ. मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या घडीवर चार बोटं सपाट ठेवा, टोकं रोवू नका. कातडी हळूच पोटाच्या दिशेने अर्धगोल सरकवा, सोडा. १० ते १५ वेळा. आतून, मधून, बाहेरून अशा दोन-तीन जागा घ्या. सासूसासऱ्यांना किंवा आईवडिलांना इथे हात लावताना दोघांनाही अवघड वाटतं, तर त्यांना स्वतःलाच शिकवा, झोपून स्वतःचा हात आरामात पोचतो. ही पायरी लाजेखातर गाळू नका, सगळं पाणी याच दारातून जाणार आहे.

तिसरं, मांडी. इथे बहुतेकांची चूक होते, ते गुडघ्यापासून सुरू करतात. मांडीचा वरचा तिसरा भाग आधी. दोन्ही तळहात सपाट ठेवून कातडी जांघेकडे सरकवा, सोडा, सात-आठ वेळा. मग मधला भाग, पुन्हा जांघेकडे. मग गुडघ्याच्या वरचा. बाहेरच्या अंगाने करताना थोडं तिरकं पुढे आणि वर, आतल्या अंगाने सरळ वर. खालचा भाग करून झाला की एकदा पुन्हा मांडी आणि जांघेवरून जाऊन यायचं, म्हणजे खालून आणलेलं पाणी मधेच अडकत नाही.

चौथं, गुडघा. टाक्यांच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना चार बोटं अंतर सोडा, पट्टी असेल तर पट्टीच्या कडेपासून. जखमेची कडा कधीही ओढली जाता कामा नये, म्हणून हालचाल जखमेपासून लांब आणि वर अशीच. बाजूंनी झालं की गुडघ्याच्या मागची लवण. तिथेही लिंफच्या गाठी आहेत पण मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसही तिथूनच जातात, म्हणून नुसती बोटं खालून टेकवायची आणि कातडी किंचित वर, ५ ते १० वेळा, दाब जवळपास शून्य.

पाचवं, पोटरी. मनात कणभर शंका असेल तर ही पायरी सोडून द्या, वरचं केलं तरी पाणी उतरतं. करायची असेल तर दोन्ही हातांची ओंजळ करून पोटरी धरा, पिळू नका, आणि कातडी लवणीकडे सरकवा. आधी पोटरीचा वरचा भाग, मग मधला, मग घोट्याच्या वरचा. पुढच्या बाजूला नडगीवर तळहाताने वरच्या दिशेने. आईच्या नडगीवर कातडी कागदासारखी पातळ झालीय, तिथे मी नुसता हात टेकवायचे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना जरा जास्त दाब झाला तरी दुसऱ्या दिवशी निळे डाग उमटतात, ते दिसले तर तुमचा हात जड पडतोय.

सहावं, घोटा आणि पाऊल. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या भोवती आणि मागे बोटांनी छोटे अर्धगोल, वरच्या दिशेने. पावलाच्या वरच्या बाजूला बोटांकडून घोट्याकडे. पायाची बोटं एकेक करून दोन बोटांत हलकी धरून मुळाकडे सरकवा. आईला हेच सगळ्यात आवडायचं, कधी कधी इथेच डोळा लागायचा तिचा.

शेवटी पावलापासून जांघेपर्यंत दोन्ही हातांनी, जखमेची जागा टाळून, पिसासारखे चार-पाच लांब हात फिरवा आणि पुन्हा पाच खोल श्वास. सगळं मिळून १५ ते २० मिनिटं. दिवसातून एकदा पुरे, सूज फार असेल तर संध्याकाळी दुसऱ्यांदा. तासभर केल्याने दुप्पट फायदा होत नाही, पेशंट फक्त दमतो.

झाल्यावर लगेच

पाय तसाच उंच ठेवून घोट्याचा पंप, म्हणजे पाऊल पूर्ण आपल्याकडे ओढायचं, मग पूर्ण खाली ढकलायचं, सावकाश २० वेळा. हा व्यायाम जागं असताना दर तासाला करायचा, मसाज केला असो वा नसो. जाहिरातीचा ब्रेक लागला की पंप, असं आम्ही आईच्या सिरियलला जोडून टाकलं होतं, ते छान चाललं.

मग स्टॉकिंग किंवा क्रेप बँडेज, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. डायबिटीस असलेल्या किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या माणसाला घट्ट स्टॉकिंग अपाय करू शकतं. बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत जायचं, खाली जरा घट्ट आणि वर सैल, उलटं झालं तर खालचा पाय अजून सुजतो. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या तर लगेच सोडा. स्टॉकिंगची वरची कड गुंडाळली जाऊन दोरीसारखी आवळते, ती दिवसातून दोन-तीनदा सरळ करा.

बर्फ गुडघ्यावर, नॅपकिनमध्ये गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, व्यायामानंतर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला काही दिवस किंवा महिने बधिरपणा असतो, तिथे बर्फ भाजला तरी कळत नाही, म्हणून मधे मधे उचलून कातडी बघा. आणि गरम शेक, गरम पाण्याची पिशवी, कढत तेल, हळदीचा गरम लेप, हे सुजलेल्या ताज्या पायाला नको. गरम लागलं की तिथलं रक्त वाढतं आणि सूजही वाढते. शेजारच्या मावशींना मी हे समजावलं तेव्हा त्यांना आधी वाईट वाटलं, त्यांच्या घरात बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तेच तेल लागत आलंय, पण इथे आत ताजी जखम आहे हे सांगितल्यावर पटलं, आणि नंतर त्याच रोज आईला बाल्कनीपर्यंत चालवायला यायच्या.

दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसणं टाळा. अर्धा-पाऊण तास झाला की वॉकर धरून दोन फेऱ्या नाहीतर पाय उंच. पापड, लोणचं, फरसाण जरा कमी करा, मीठ जास्त झालं की पाणी धरतंच. पाणी पिणं मात्र कमी करू नका, हार्ट किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी मोजून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

टाक्यांच्या जागेचा मसाज

हा वेगळा प्रकार, याची घाई अजिबात नको. टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, पण त्यानंतरही खपल्या पूर्ण पडून कातडी सगळीकडून बंद व्हायला हवी, बहुतेकांना ४ ते ६ आठवडे लागतात. सर्जननी बघून हो म्हटल्यावर, स्वच्छ खोबरेल तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन व्रणावर आधी लांबीच्या दिशेने, मग आडवं, मग छोटे गोल, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. इथे जोर थोडा जास्त चालतो, व्रण जरा पांढुरका दिसेपर्यंत. उद्देश असा की वरची कातडी खालच्या थराला चिकटून राहू नये, नाहीतर गुडघा वाकवताना ती ओढते. आईला सुरुवातीला व्रणाला हात लावायचीच भीती वाटायची, डोळे घट्ट मिटून घ्यायची. मग आठवडाभर नुसता मऊ सुती कपडा त्यावरून फिरवला, आणि भीती गेली तशी ती स्वतःच करायला लागली.

ऑपरेशन दुसरं असेल तर

बायपासच्या वेळी पायातली शीर काढलेली असेल तर त्या पायाला सूज येते, वरची पद्धत तिथेही कामाची आहे पण हृदयाचा पेशंट आहे, त्यामुळे कार्डियाक टीमला विचारल्याशिवाय नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या लिंफच्या गाठी काढल्या असतील तर मात्र मी वर लिहिलेली दिशा चालणार नाही, कारण जांघेचं ते दारच राहिलेलं नसतं, पाणी दुसऱ्या वाटेने न्यावं लागतं. त्यासाठी लिम्फेडेमाचं, म्हणजे लिंफ साठून येणाऱ्या सूजेचं, ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्टच हवा. आणि नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागातल्या लोकांनी, जिथे हत्तीरोग अजूनही आहे, लहानपणापासून कधी पाय सुजायचा, थंडी वाजून ताप यायचा असं काही असेल तर ऑपरेशनच्या *आधी* सर्जनना सांगा. तसा पाय ऑपरेशननंतर जास्त सुजतो आणि इन्फेक्शनही लवकर पकडतो.

फिजिओ घरी बोलावताना रजिस्टर्ड आहे का ते विचारा, आणि एमएलडी शिकलात का हेही थेट विचारा, सगळ्यांना येतं असं नाही. चार-पाच सेशन घेऊन घरातल्या एकाने शिकून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो. पार्लरमधला किंवा घरी येऊन मालीश करणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी या पायासाठी नको.

बंद कधी करायचं? वहीतली मापं सलग दोन आठवडे जागच्या जागी राहिली आणि सकाळी घोट्याचं हाड स्पष्ट दिसायला लागलं की रोजचा मसाज थांबवा, लांबचा प्रवास किंवा लग्नकार्यात जास्त उभं राहणं झालं त्या दिवशी फक्त करा. आईचं हे अकराव्या आठवड्यात झालं. सहा महिन्यांनंतरही पाय संध्याकाळी भरून येत असेल, किंवा पूर्ण उतरलेली सूज पुन्हा चढली, तर मसाज परत सुरू करण्याआधी सर्जनना दाखवा आणि जाताना ती वही बरोबर न्या, त्यांना त्यातून पटकन कळतं.